पाळणा, झोळी की कॉट? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्यांनी जरा सांगा

वडगावकरीण
नमस्कार मंडळी. आठवा लागलाय, ओटी भरून झाली, आता घरात दुसरा विषयच नाही, बाळ झोपणार कुठं. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, तिथं माळ्यावर जुना सागवानी पाळणा आहे, आई, मामा, मी सगळी त्यातच वाढलो, आई म्हणते तोच घासूनपुसून आणूया. सासूबाई म्हणालेत पाळणा बारशापुरता असू दे पण रोजच्याला झोळीच बरी, पोर कसं पटकन निजतं. आणि आमच्या ह्यांना ऑनलाइन ती पांढरी कॉट आवडल्या, जिचा पुढं छोटा बेड होतो म्हणे. घर वडगावात, दोन खोल्या, पावसाळ्यात एका भिंतीला ओल धरते. तारीख ऐन श्रावणातली. बजेट दहा-बारा हजार, त्याच्यावर नको. कुणी सुताराकडनं करून घेतल्या काय? नेमकं बघायचं काय असतं ते सांगा, दुकानात गेलं की सगळेच म्हणालेत "हे चांगलं आहे, घ्या".

फर्स्टगेटवाला
कॉट घ्या. झोळी नको. बाकी टिळकवाडीत काय, शहापुरात काय, भाव सगळीकडं बोलून कमी करता येतोय.

सिस्टर_नाईट_ड्युटी
ताई, मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते त्यामुळं जरा लांबण लावणार आहे, चहा घेऊन बसा.

पाळणा की कॉट हा प्रश्न नंतरचा. आधी हे बघायचं की बाळ उताणं झोपतंय काय, गादी सपाट आणि कडक आहे काय, आणि त्याच्या आजूबाजूला काही नाही ना. काही नाही म्हणजे खरंच काही नाही. उशी नको, लोड-तक्के नकोत, वाकळ नको, टेडी नको, कठड्याला बांधायच्या त्या झालरीच्या गुबगुबीत पट्ट्या तर नकोतच नकोत. दुकानात कॉटबरोबर सेट म्हणून देतात ना त्या, दिसायला गोड दिसतात, पण बाळाचं तोंड त्यात रुतलं तर त्याला मान फिरवून बाजूला घेता येत नाही. अमेरिकेत २०२२ ला कायदा करून त्यांची विक्रीच बंद केली.

उताण्याचं का सांगते तर तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ मध्ये पालथं झोपवू नका म्हणून सांगितलं, १९९४ पासून देशभर मोहीम चालली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या दहाएक वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. औषध नाही, मशीन नाही, नुसतं झोपवायची पद्धत बदलली. सगळ्यात जोखमीचे महिने दुसरा ते चौथा. त्याच संघटनेची २०२२ ची सूचना अशी आहे की बाळ आईच्याच खोलीत असावं पण स्वतःच्या अंथरुणावर, निदान पहिले सहा महिने तरी. म्हणजे दोन खोल्यांचं घर ही तुमची अडचण नाही, उलट बरंच आहे.

आता झोळी. नवजात बाळाची मान धरत नाही आणि डोकं अंगाच्या मानानं जड. झोळीत पाठीची कमान होते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनळी तिथंच दबते. बाळ रडत पण नाही अशा वेळी, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काय शांत निजलंय. बाकी कुणी जागं समोर बसून अर्धा तास झोळीत घेऊन हलवलं तर मी काय पोलीस पाठवणार नाही. पण रात्रभर नाही, आणि आपण स्वयंपाकघरात असताना नाही.

नातवंडांची_आज्जी
आम्ही पाच पोरं झोळीत वाढवली, एकाला काय झालं नाही. शेतात चिंचेच्या फांदीला झोळी बांधून भांगलण केलीय आम्ही. आणि उताणं निजवलं की दूध नाकातोंडात जातंय, कुशीवर निजवायचं हे आम्हाला सुईणीनं सांगितलेलं. आता तुमची शाळा वेगळी.

सिस्टर_नाईट_ड्युटी
आज्जी, तुमची पोरं तुम्ही वाढवलीत म्हणून वाढली, तुमची नजर होती की सारखी झोळीवर. आता घरात दोघंच असतात आणि रात्री दोघंही थकून पडलेली.

दुधाचं सगळेच विचारतात. उताणं झोपल्यावर श्वासनळी वर असते आणि अन्ननळी तिच्या खाली. उलटून आलेलं दूध श्वासनळीत जायचं तर त्याला वर चढावं लागेल, बाळ ते गिळून टाकतं नाहीतर खोकून बाहेर काढतं. पालथं घातलं की हे उलटं होतं. आणि कुशीवरचं बाळ कुशीवर राहतच नाही, झोपेत पालथं होतं. पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा आणि मग उताणं ठेवायचं.

रंधा_पटाशी
मी निपाणीजवळ सुतारकाम करतो, धंदा वडिलांपासनं. गिऱ्हाईक मोबाईलवरचा फोटो घेऊन येतंय आणि असंच पायजे म्हणतंय, माप कोण विचारत नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो, कुठल्याबी सुताराला दाखवा.

दोन दांड्यांमधली फट दोन इंच तीन सूतच्या वर नको. सेंटिमीटरमध्ये सहा. का तर बाळाचं डोकं अंगापेक्षा मोठं. फट रुंद असली की पाय जातात, कंबर जाते, खांदे पण जातात, आणि डोकं अडकतंय. मी बरोबर तेवढ्या जाडीचा एक लाकडी ठोकळा करून ठेवलाय, कॉट झाली की प्रत्येक फटीतून घालून बघायचा, ठोकळा आरपार गेला नाय पायजे. नुसता टेप लावून भागत नाही कारण दांडी जरा वाकडी असली की वर फट बरोबर आणि मध्ये सुटलेली. दांडी हातानं दाबून पण बघायची, पातळ असली तर वाकून फट वाढतीय.

जुन्या पाळण्यात नेमकं हेच नसतंय. कातावरच्या, म्हणजे लेथवर गोल केलेल्या दांड्या असतात, नक्षी लई भारी, पण मधी चार-चार बोटं जागा. आणि चारी कोपऱ्याला कळस, मोर, लट्टू काय काय. झबल्याचं बंद, गळ्यातला काळा दोरा त्याच्यात अडकतोय पोर उभं राहायला लागलं की. कोपरे कठड्याच्या बरोबरीनं सपाट पायजेत. गळ्यात दोरा नकोच, मनगटाला बांधा वाटलं तर.

कठड्याची उंची, तळ सगळ्यात खाली असताना गादीच्या वरनं मोजून वीस इंच तरी. तळ दोन-तीन ठिकाणी बसवता येईल असा करून घ्या. पहिल्यांदा वर, म्हणजे बाळंतिणीला वाकायला लागत नाही, टाके असले तर तेवढंच बरं. बाळ हातावर उठायला, बसायला बघालंय असं दिसलं की लगेच खाली घ्यायचा, पडल्यावर नाही.

आणि एका बाजूचा कठडा वर-खाली सरकतोय अशी कॉट कुणी दाखवली तर घेऊ नका. त्याची खिट्टी झिजते, एक कोपरा सुटतो, गादी आणि कठड्यामध्ये फट पडते. अमेरिकेत जून २०११ पासनं विकायलाच बंदी हाय. चारी बाजू पक्क्या, खिळं नको, नट-बोल्ट.

धारवाडी_जावई
पाळण्याचा विषय निघालाच आहे तर जरा वाट वाकडी करतो. सासुरवाडी कलघटगीजवळ आहे. तिथले रंगवलेले लाकडी पाळणे बघितलेत का कुणी? बाजूच्या फळ्यांवर कृष्णाच्या गोष्टी, रामायणातले प्रसंग, वेलबुट्टी, तांबडा आणि पिवळा असा काही खुलतो की बस. धारवाड भागात मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला माहेरहून तोच जायचा. आमच्याकडं आला तेव्हा तो एवढा थोरला होता की दारातून आत घेताना चौकटीचा टवका उडाला. बारसं दणक्यात झालं, आत्याबाईंनी "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" केलं, घुगऱ्या वाटल्या. त्यानंतर पोरगी झोपली साध्या कॉटमध्ये आणि पाळण्यात घड्या घातलेले कपडे. मला तर हा हिशेब अगदी पटला, हौस एकीकडं आणि झोप एकीकडं.

वडगावकरीण
बाप रे, एवढं कळत असतं तर मी आधीच विचारलं असतं. माहेरच्या पाळण्याचा फोटो भावानं पाठवला, फटी मोठ्या आहेत आणि वर हिरवा ऑइल पेंट, दोन-तीन थर, कुठं कुठं पोपडे आलेत. आई म्हणते पॉलिशपेपर मारून परत रंगवूया, मी येते म्हटलं मदतीला. चालेल ना?

रंधा_पटाशी
ताई तुम्ही हात लावू नका त्याला!! जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडं रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत, म्हणजे दहा लाख भागांत नव्वदच्या आत, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासनं लागू झालाय, तुमचा पाळणा त्याच्या आधीचा. कोरडा घासला की ती धूळ घरभर होते.

सिस्टर_नाईट_ड्युटी
हेच लिहायला आले होते. गरोदरपणात शिसं पोटातल्या बाळापर्यंत जातं, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते थोडंसुद्धा चांगलं नाही. तुम्ही त्या घासण्याच्या जागी उभ्या पण राहू नका. पाळणा बारशाला लागणारच असेल तर पोपड्यांवर सगळीकडून जाड कापड लावून घ्या, तासाभराचं काम आहे, बाळ चावायला जाणार नाही. दात यायला लागल्यावर मात्र कठडा हेच खाणं असतं त्यांचं.

चिकोडी_ते_हिंजवडी
ऑनलाइनवाल्यांसाठी माझे दोन पैसे. आम्ही पाईनवूडची मागवली, गावी चिकोडीला. खोका आला, उघडला तर चार बोल्ट कमी, माहितीपत्रक धड वाचता येईना, कस्टमर केअरला फोन केला की "आपकी समस्या महत्त्वपूर्ण है". शेवटी गावातल्या हार्डवेअरवाल्याकडं गेलो तर त्याच्याकडं त्या आट्याचे बोल्टच नाहीत. बायको म्हणाली बांध सुतळीनं, तिला वैताग आला होता. बोल्ट येईपर्यंत कॉट नुसती उभी करून ठेवली, बाळाला घातलं नाही. तर ऑनलाइन घ्या जरूर पण तारखेच्या आधी महिनाभर तरी घ्या, आणि जोडून झाल्यावर धरून गदागदा हलवून बघा.

दुसरं म्हणजे साइज. साधी कॉट आतून ६० बाय १२० सेंमी, आणि जिचा पुढं बेड होतो ती साधारण ७० बाय १४०. ऐकायला फरक छोटा वाटतो, पण पलंग, कपाट आणि मध्ये कॉट अशी खोली असेल तर जमिनीवर खडूनं चौकोन काढून बघा, रात्री अंधारात त्याच्या भोवतीनं बाथरूमला जाऊन बघा. आम्ही मोठी घेतली ती पोरगं तीन वर्षांचं होईपर्यंत पुरली, पैसे वसूल. पण आमच्याकडं वाडा आहे.

एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची नको, ओल धरली की फुगते. वास येत असेल तर ती कितीही स्वस्त असली तरी परत.

खानापूर_रेल्वेगेट
+१ ओल. आमच्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला की हात ओला. कापसाची गादी आठवड्यात आंबते, गोळे होतात, खालच्या बाजूला काळे ठिपके. तळाला सबंध प्लाय ठोकू नका, पट्ट्यांचा तळ करा म्हणजे खालनं हवा खेळते, आणि कॉट भिंतीपासनं वीतभर लांब. ओल्या भिंतीकडच्या खोलीत नकोच खरं तर.

वडगावकरीण
गादीचं पण सांगा ना कुणीतरी. सासूबाईंनी गादीवाल्याला सांगून मऊ कापसाची करून ठेवल्या, वर मोहरीची उशी. उशीनं डोकं गोल होतं म्हणे. आणि मच्छरदाणी कसली? श्रावणात डास लई असतात आमच्यात. आणि बाजेखाली शेगडी ठेवायची म्हणालेत, वेखंड-ओव्याची धुरी, तिथंच बाजूला कॉट लावली तर?

सिस्टर_नाईट_ड्युटी
शेगडीपासून सुरू करते कारण तीच जास्त भीती घालते मला. निखाऱ्यांची शेगडी आणि पावसाळ्यात बंद केलेली दारं-खिडक्या म्हणजे खोलीत विषारी वायू, वास नसतो त्याला. वर लोंबणारं दुपटं, लाकडी कॉट, एक ठिणगी पुरे. आणि धूर कुठलाही असो, धुरीचा, डासांच्या कॉइलचा, बिडी-सिगारेटचा, बाळाच्या फुप्फुसाला सगळे सारखेच. सासूबाईंना शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी तुम्हाला द्या, बाळाला नको.

मोहरीची उशी नको. एक तर उशीच नको आणि शिवण उसवली की दाणे तोंडात. डोकं एका बाजूनं चपटं होऊ नये म्हणून आज डोकं उशाकडं तर उद्या पायथ्याकडं असं ठेवा, बाळ उजेडाकडं बघायला मान दोन्ही बाजूला फिरवतं. आणि जागं असताना, तुम्ही समोर असताना, दिवसातून थोडा थोडा वेळ पालथं खेळवा. मान पण धरते त्यानं लवकर.

मऊ कापसाची गादी सासूबाईंनी मायेनं केलीय, ती तुम्ही स्वतः पाठीशी घ्या :) बाळाला कडक हवी. काथ्याची चार इंची गादी आपले गादीवाले कॉटच्या मापाची बरोब्बर करून देतात, वरून हात दाबून सोडला तर खळगा राहायला नको. कॉट आणि गादीच्या मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको, चारी बाजूंनी बोटं घालून बघा. वर रबरशीट ताणून, त्यावर एक सुती चादर, कडा गादीखाली खोचलेल्या. बस.

मच्छरदाणी घ्याच, डेंग्यूचे दिवस असतात. कॉटवरनं ताणून बाहेरच्या बाजूनं बांधता येते ती घ्या, आत लोंबणारी नको. पोर उभं राहून जाळी ओढायला लागलं की तिची व्यवस्था बदलायची. तसंच पडद्याची दोरी, मोबाईल चार्जरची वायर, भिंतीवरची फ्रेम, कॉटवर टांगायचं खुळखुळ्याचं झुंबर, हात पुरेल तिथं काही नको.

थंडीचं एवढंच की आपण जेवढं घालतो त्याच्यावर एक झबलं जास्त. घरात झोपताना टोपडं-कुंची काढून ठेवा, बाळाच्या अंगातली उष्णता डोक्यावाटे जाते, ती कोंडली की ताप नसताना अंग तापतं. दुपट्यात घट्ट बांधायची सवय असेल तर कुशीवर वळायची खटपट सुरू झाली की बंद.

नातवंडांची_आज्जी
टोपडं काढायचं म्हणजे कानात वारं जाऊ दे काय? जाऊ दे बाई. काथ्याची गादी मात्र बरोबर सांगितलीस, माझ्या कंबरेला पण डॉक्टरनी तीच सांगितलीय. आणि मुंग्या कोण सांगणार? दुधाच्या वासानं येतात त्या. कॉटच्या चार पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, पाणी रोज बदलायचं. तो मुंग्यांचा खडू ओढू नका, पोरगं रांगायला लागलं की पहिलं तेच चाटंल.

फर्स्टगेटवाला
आज्जींचा पॉइंट जबरी. फक्त रोज पाणी बदला हां, नाहीतर मुंग्यांऐवजी डासांची शेती.

वडगावकरीण
वाट्यांवर आमच्या घरी एकमत झालं, बाकी कशावर नाही 😄 काल अनगोळच्या सुतारमामांकडं गेलो, दोन इंच तीन सूत म्हटल्यावर ते माझ्याकडं बघतच राहिले, म्हणाले कुठं शिकलीस. सागवान बजेटात बसत नाही, रबरवूडची ६० बाय १२० करून देतो म्हणालेत, बोल्टवाली, तळ दोन उंचीवर. चाकं लावू काय विचारत होते. आणि पॉलिश कसलं करायचं?

रंधा_पटाशी
चाकं लावली तर लॉकवाली, चारी. नाहीतर नकोच, खालची फरशी गुळगुळीत असली की पोर आतनं उड्या मारून कॉट खिडकीपर्यंत नेतंय.

पॉलिश चपड्याचं करा, लाखेपासनं होतंय ते, पोटात गेलं तरी अपाय नाही. पाण्यानं पांढरे डाग पडतात त्याला, तेवढं चालवून घ्या, दोन वर्षांनी परत हात मारता येतोय. मेलामाइन, पीयू असलं केमिकलचं पॉलिश केलं तर दिसायला झकास पण वास जाईपर्यंत बाळाच्या खोलीत नको, पावसाळ्यात सुकायला लई वेळ लागतोय. आत्ताच करून घ्या, ऊन आहे तोवर. आणि सगळ्या कडांना गोलाई मारायला सांगा, हात फिरवून बघा, कुसळ लागलं तर परत पाठवा, मामा रागावले तर रागावू देत.

दोन_नंबरची_आई
उशिरा आले. आमच्यात रात्री पाजता पाजता सोफ्यावरच डोळा लागायचा. कॉट बाजूला रिकामी. असं होत असेल तर काय करायचं हे कुणी लिहिलंच नाही.

सिस्टर_नाईट_ड्युटी
बरं झालं विचारलंत. सोफा आणि आरामखुर्ची ही सगळ्यात वाईट जागा, बाळ आई आणि पाठीच्या उशीच्या फटीत सरकतं. डोळा लागेल असं वाटत असेल तर खुर्चीपेक्षा पलंगावर बसून पाजा, जवळच्या उशा-वाकळा बाजूला करून. जाग आली की बाळाला कॉटमध्ये ठेवा, किती का वाजले असेनात. दोघांपैकी कुणी दारू घेतलेली असेल, झोपेची किंवा गुंगीची गोळी असेल, तर बाळ पलंगावर नकोच. कॉट पलंगाला हात पुरेल इतकी जवळ असली की रात्रीचं उठणं निम्मं वाचतं.

हिंडलगा_कॉर्नर
धागा सेव्ह केला. एकच शंका, आमच्या बहिणीला जुळी होणार आहेत. ७० बाय १४० ची एकच घेतली तर दोघं मावतील काय सुरुवातीला?

सिस्टर_नाईट_ड्युटी
मावतील पण नको. दोघांना दोन वेगळ्या, ६० बाय १२० च्या घ्या, शेजारी शेजारी लावा.

रंधा_पटाशी
दोन एकदम सांगितल्या तर मजुरीत कमी करतो. लाकूड बघायला मात्र स्वतः या.